छातीइतकं पाणी

३ फेब्रुवारी

चि. पोत्यास,
अ. उ. आ.

मनगट मोडल्याचं तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू एवढा आरडाओरडा केलास की पुढचं सांगायचं राहून गेलं. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्रात तुला मधेच तोंड घालता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा. प्लॅस्टर डाव्या हाताला आहे, त्यामुळे अक्षर नेहमीसारखंच वाईट आहे, जास्त नाही.

पडले ते अगदी फुसकं पडणं होतं. बारा जानेवारीला तलावावर सकाळी सहाची पोरं पोहून गेली, त्यांच्या तरंगायच्या फळ्या गोळा करत मी उथळ बाजूच्या काठाने चालले होते. ओल्या फरशीवर पाय सरकला, हात टेकला आणि कट्कन आवाज झाला. एकतीस वर्षं त्या फरशीवरून चालते आहे. हाडांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की उभ्या उभ्या पडून मनगट मोडतं तेव्हा मनगटाचं नव्हे, सगळ्याच हाडांचं बघायला हवं. त्यांनी तपासणी करायला लावली. टेबलावर निजायचं, वरून एक दांडा फिरतो, दहा मिनिटांत मोकळं. दुखत नाही, खुपत नाही, फक्त निकाल वाईट येतो. माझं खुब्याचं हाड उणे २.३ आणि कण्याचं उणे २.४. उणे अडीचला पोचलं की त्याला ठिसूळपणाचा रोग म्हणतात. म्हणजे मी दारात उभी आहे, आत पाऊल टाकायचं बाकी.

मी त्यांना म्हटलं की काहीतरी चूक झाली असेल, मी रोज एक किलोमीटर पोहते, माझी नाडी अठ्ठावन्न आहे. त्यांनी नाडी बघितली, छान आहे म्हणाल्या आणि हेही म्हणाल्या की मी नाडीसाठी आलेली नाही. पोहण्याने हृदयाला, फुप्फुसांना पुष्कळ मिळतं, हाडांना फारसं काही मिळत नाही. त्या गोळ्या सुरू करणार होत्या. मी एक वर्ष मागून घेतलं. वर्षभर व्यायाम, कॅल्शियम आणि ऊन, मग पुन्हा तपासणी, असं ठरलं.

खरी गोष्ट आता सांगते. मॅनेजरसाहेबांनी मला काठावरून उचलून तिकिटाच्या खिडकीत बसवलं आहे. पुढच्या फेब्रुवारीत काठावर काम करायला हरकत नाही असा डॉक्टरांचा कागद आणला तर माझा वर्ग मला परत मिळेल. नाही आणला तर तात्पुरती घेतलेली नवी शिक्षिका कायम होईल आणि मी निवृत्तीपर्यंत तिकिटं फाडीन. माझ्याकडे बारा महिने आहेत. मला माझी सहाची पोरं परत हवीत, बाकी काही नको.

तुझे भावोजी बरे आहेत. एका हाताने माझी वेणी होत नाही म्हणून ते घालून देतात. ती वेणी बघून लोक तिकिटाचे पैसे द्यायला विसरतात.

माया आहे तेवढी असू दे, काळजी निम्मी कर.

तुझी ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा हसू आलं. लहानपणापासून पहाटे पाचला मला पांघरुणातून ओढून काढणारी, मला पोतं म्हणणारी, शाळेच्या स्पर्धेत पदकं मिळवणारी तू, आणि हाडं निघाली तुझी पोकळ. हसल्याबद्दल माफ कर. तू माझ्या जागी असतीस तर तीन पानं हसली असतीस.

मग रात्रभर आई आठवली. आपल्या स्वयंपाकघरात चार फळ्यांची मांडणी होती. डबे आधी सगळ्यात वरच्या फळीवर असायचे. मग एका वर्षी ते तिसऱ्या फळीवर आले, मग दुसरीवर. तूच खाली आणून ठेवलेस, मीही ठेवले. वरचं काढायला बरं पडत नाही एवढंच ती म्हणायची. आई आखडत चालली आहे, तिच्या पाठीचे मणके एकेक करून दबत आहेत, हे आपल्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही. आपण फक्त डबे खाली सरकवत राहिलो. शेवटी खुबा मोडला तेव्हा सगळे म्हणाले की पडली म्हणून मोडला. आता मला वाटतं, बरंचसं आधीच मोडलेलं होतं.

म्हणून यंदा गंमत करायची नाही. व्यायामाचा कागद मिळाला की मला उतरवून पाठव. इथे मीही करीन. तू एकटी करतेस म्हटलं की फसवाफसवी करशील, मला ठाऊक आहे. वजनांसाठी विकत काही आणू नकोस. आमच्या पुस्तकांच्या बांधणीखान्यात छपाई बिघडलेल्या कागदाच्या रिमा पडून असतात, मालकांना विचारून चार रिमा घट्ट पुठ्ठ्यात बांधून पार्सल केल्या आहेत. एक रीम अडीच किलोची. दोन हातांत दोन घेतल्या की पाच. मी दिवसभर हेच उचलते. छापलेल्या कागदांचे फर्मे इकडून तिकडे, पुठ्ठे वर, दाबाखालची पुस्तकं खाली. कोणी त्याला व्यायाम म्हणेल असं कधी वाटलं नव्हतं.

माझी तपासणी करायला सांगू नकोस. मला वेळ नाही.

लोभ आहे तसाच ठेव, वजन तेवढं वाढव.

तुझं पोतं


२ एप्रिल

चि. पोत्यास,
अ. उ. आ.

प्लॅस्टर निघालं. आतून जो हात बाहेर आला तो दुसऱ्याच कोणाचा वाटतो, बारीक आणि पांढरा. रिमा पोचल्या. पोस्टमनने त्या दारात टाकल्या आणि आत काय दगड आहेत का म्हणून विचारलं. भावोजींनी उचलून कपाटावर ठेवल्या आहेत.

कागदही मिळाला. फिजिओ ही आपल्या लेकींच्या वयाची मुलगी आहे, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. मी तिला व्यायामबाई म्हणते. एक: आधाराला भिंत धरून चवड्यांवर उभं राहायचं आणि टाचा धपकन जमिनीवर सोडायच्या, पन्नास वेळा. दोन: हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि हळू बसायचं, पुढे हातात वजन घेऊन. तीन: पायरीवर चढउतार. चार: भिंतीला हात टेकून दंड काढायचे. पाच: एका पायावर उभं राहायचं, जमेल तितका वेळ. शिवाय भरभर चालणं. कमरेतून वाकून वजन उचलायचं नाही, वाकून वळायचं नाही, हे तिने लाल शाईने लिहून दिलं आहे. ती म्हणाली की हाड आळशी असतं, त्याच्यावर भार पडला तरच ते स्वतःत भर घालतं. मला लगेच तू आठवलीस. ऑगस्टमध्ये ती पुन्हा बघणार आहे.

मी रोज दुपारी दीड ते दोन करते, खिडकी बंद असते तेव्हा. सगळं अगदी सहज जमतं आहे. पन्नासच्या जागी शंभर करते, घाम येत नाही, गुडघेही दुखत नाहीत. तीस वर्षांची सवय वाया जात नाही एवढं खरं.

तपासणीला वेळ नाही हे कारण मला सांगू नकोस. आपल्या दोघींची आई एकच होती. बावन्न पूर्ण केलीस, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. या महिन्यात गेली नाहीस तर मी तुझ्या मालकांना फोन करीन आणि तू लहानपणी काय काय खायचीस ते सांगीन.

जीव आहे म्हणूनच ओरडते, तो तसाच राहू दे.

ताई


२१ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाच आठवडे झाले. तू पत्रात लिहितेस ते वाचून मला माझी लाज वाटते. मी पन्नास टाचा आपटते आणि पोटऱ्या दगड होतात. खुर्चीतून उठताना तिसाव्या वेळी खुर्चीच माझ्याबरोबर उठेल असं वाटतं. पहिल्या आठवड्यात जिना उतरताना कठडा धरून बाळासारखी उतरत होते. तुला खरंच काहीच होत नाही?

शिवाय आवाजाचं वेगळं. मी सकाळी सहाला टाचा आपटते. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई चौथ्या दिवशी वर आली आणि विचारलं की मी मुसळाने काय कुटते आहे, तिच्या मशीनवरच्या रिळांच्या डब्या टेबलावरून चालत जातात. मी तिला टाचा आपटून दाखवल्या. तिने हाडांचं सगळं ऐकून घेतलं, स्वतःची पाठ दाबून बघितली, आणि दुसऱ्या दिवसापासून तीही करते. ती तळमजल्यावर राहते, तिच्याखाली कोणी नाही, म्हणून ती मनसोक्त आपटते. आता आवाज खालून वर येतो. तुमच्या घरी कोणी तक्रार करत नाही का? भावोजींची दुपारची झोप किती हलकी आहे ते मला माहीत आहे.

बांधणीखान्यात मालक मला एका पायावर उभं राहून शिलाई करताना बघून गेले. संध्याकाळी पगार कापणार का म्हणून मीच विचारलं, तर म्हणाले की दोन्ही पायांचा एकच पगार असतो.

तू किती रिमांवर पोचलीस ते कळव. मी दोनवरून तीनवर आले.

आठवण ठेव, आणि थोडी तरी थक.

पोतं


१७ जून

चि. पोत्यास,
अ. उ. आ.

आवाज होतो तो तुझ्या तंत्राचा दोष. माझा होत नाही. कुणाला पत्ताही लागत नाही. रिमांची मला अजून गरज भासली नाही, त्या कपाटावर बऱ्या आहेत.

तिकिटाच्या खिडकीला हात जाईल एवढंच भोक आहे. दिवसभर मला माणसांचे हात दिसतात, चेहरे दिसायला वाकावं लागतं आणि वाकायला मनाई. सहाच्या पोरांचे हात मला ओळखू येतात. एकाच्या अंगठ्याला शाई, एकीच्या नखांना रंग. ती आत जातात आणि मग मला नव्या शिक्षिकेची शिट्टी ऐकू येते. ती शिट्टी फार लांब वाजवते. पाण्यात घाबरलेल्या पोराला लांब शिट्टीने आणखी भीती वाटते, छोट्या दोन वाजवायच्या असतात. तिला सांगावं असं रोज वाटतं आणि रोज मी तिकीट फाडते.

आठ महिने राहिले. कागद मिळाला पाहिजे, बस.

तुझी तपासणी झाली का? तारीख लिही, सबब नको.

ताई


९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तपासणी झाली. खुबा उणे ०.४. डॉक्टर म्हणाले की तिशीतल्या बाईची असावीत तशी हाडं आहेत आणि काय करता म्हणून विचारलं. मी म्हटलं, ओझी उचलते. ते म्हणाले की थोडं नशीब, थोडं अंगावरचं वजन, आणि बरंचसं ते ओझं. मग जिना चढून वर या म्हणाले आणि माझी नाडी मोजली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. तेव्हा एकूण हिशेब असा, की तुझं हृदय आणि माझी हाडं एका बाईला मिळाली असती तर ती शंभर वर्षं जगली असती. मला रोज अर्धा तास भरभर चालायला सांगितलं आहे. हस.

आता दुसरं. तू लिहितेस त्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून मी भावोजींना फोन केला. रागावू नकोस. ते म्हणाले की घरात त्यांनी तुला व्यायाम करताना कधी पाहिलेलं नाही, तू तो कामावर करतेस असं सांगतेस. आणि सहज म्हणून असंही म्हणाले की तुझा पोहण्याचा पोशाख रोज दोरीवर वाळत असतो. ताई, तिकिटं फाडणाऱ्या बाईचा पोशाख रोज कसा भिजतो?

उत्तराची वाट बघते. तोवर लोभ राखून ठेवला आहे, देत नाही.

पोतं


१९ ऑगस्ट

चि. पोत्यास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही. काल व्यायामबाईंकडे गेले आणि आता उत्तर दिल्याशिवाय चालणार नाही.

तिने विचारलं की सगळे व्यायाम नियमित करता का. मी म्हटलं रोज, एक दिवस चुकवला नाही, आणि ते खरं आहे. तिने विचारलं, वजन किती वापरता. मी म्हटलं, छातीइतकं पाणी. मग तिने मला टाचा आपटून दाखवायला सांगितलं. मी तिच्या खोलीत कोरड्या फरशीवर उभी राहिले, चवड्यांवर चढले, आणि टाचा सोडताच येईनात. भिंत धरून उभी राहिले. पन्नास काय, एकही नाही. आठ वर्षांच्या पोरीसारखी काठ धरून.

तर ते असं होतं. दुपारी तलाव बंद असतो. पंप बघणारा मला आत सोडत असे. कागदावरचे सगळे व्यायाम मी उथळ बाजूला पाण्यात उभी राहून केले. खुर्चीही पाण्यात उतरवली होती, प्लॅस्टिकची. टाचा आवाज न करता खाली यायच्या, कारण त्या पडतच नव्हत्या. व्यायामबाईंनी ओरडाआरडा केला नाही. तिने कागदावर एक बाई काढली, तिच्या छातीपर्यंत रेघ मारली आणि सांगितलं की इतक्या पाण्यात तुमचं वजन तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उरतं. बाकीचं वजन पाणी उचलतं. हाडांना वाटलं की तुम्ही निजला आहात. चार महिने.

मला हे माहीत नव्हतं असं म्हणायला तोंड नाही. तीस वर्षं मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगत आले आहे, की अंग सोडा, पाणी तुमचं ओझं उचलेल. माझ्याइतकं ते कुणाला माहीत आहे? मी स्वतःची समजूत घातली की पोहायचं नाही, उभं राहायचं आहे, म्हणजे झालं. खरं सांगू का, मला जमिनीची भीती बसली आहे. त्या दिवसापासून. घरात मी भिंतीला हात लावून चालते, रस्त्यावर भावोजींची बाही धरते. तलावाशी पोचेपर्यंत जीव मुठीत असतो आणि पाण्यात उतरले की सुटतो. तिथे पडता येत नाही. आपल्याला फरशीची भीती वाटते हे मी कुणाला सांगणार होते? सहाच्या पोरांच्या बाईंनी?

आता हस किंवा ओरड, दोन्ही चालेल. सहा महिने राहिले आहेत आणि माझ्या हाती काही नाही.

ताई


२६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसले नाही. ओरडलेही नाही. शिंपीणबाईला पत्रातलं प्लॅस्टिकच्या खुर्चीचं तेवढं वाचून दाखवलं, ती मात्र हसली, तिला मी माफ केलं आहे.

मी तुझी गुरू व्हायला लायक नाही, पण बांधणीखान्यात नव्या मुलीला कटिंग मशीन कसं शिकवतात ते सांगते. पातं सुरू करत नाहीत. आधी आठ दिवस नुसता कागद सारखा करून ठेवायचा, मशीनपाशी उभं राहायचं, त्याचा आवाज अंगवळणी पडू द्यायचा. भीती गेल्यावर काम नाही, काम करता करता भीती जाते. तू टाचा आपटू नकोस. स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात उभी राहा, जिथे दोन्ही बाजूंना ओटा आहे. दोन्ही हात टेक. टाचा इंचभर उचल आणि ठेव, सोडू नकोस. दहा वेळा. भावोजींना समोर बसव, वर्तमानपत्र वाचू देत. पुढच्या आठवड्यात एक हात. मग व्यायामबाईंना विचारून पुढचं. तिला भीतीचंही सांग, माझ्या अंदाजाने तिच्याकडे त्याचाही कागद असेल.

आणि एक. सहा महिन्यांत हाडांचा आकडा हलेल असं धरून बसू नकोस. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले की हाड हे काम फार सावकाश करतं, वर्ष दोन वर्षं लागतात, आणि या वयात आकडा घसरला नाही तरी पुष्कळ. तू सेकंदांवर मोजणारी बाई आहेस म्हणून आधीच सांगते.

रागावून फोन बंद ठेवू नकोस. राखून ठेवलेला लोभ या पत्रासोबत पाठवते आहे, व्याजासकट.

तुझं पोतं


३० नोव्हेंबर

चि. पोत्यास,
अ. उ. आ.

ओट्याचा कोपरा सुटला. आता दाराची चौकट धरते, तीही एका बोटाने. पंचवीस टाचा पडतात आणि धप्प आवाज होतो. पहिल्यांदा झाला तेव्हा भावोजींनी वर्तमानपत्र खाली घेऊन काय पडलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी. ते पुन्हा वाचायला लागले.

रिमा कपाटावरून उतरवल्या. खुर्चीतून उठताना एक पोटाशी धरते. पोटऱ्या, मांड्या, कंबर, सगळं दुखतं. तू मे महिन्यात लिहिलं होतंस ते आता समजतं आहे, आणि माझ्या जूनच्या पत्रातलं तंत्राचं वाक्य फाडून टाक.

भीतीचा कागद व्यायामबाईंकडे खरंच होता. ती मला ओल्या पायपुसण्यावर चालायला लावते, मग उशीवर उभं करते, मग बाजूने हलका धक्का देते. पहिले तीन आठवडे मी तिचा हात इतका दाबला की तिने दुसरा दिला. डाव्या पायावर आता बावीस सेकंद उभी राहते, उजव्यावर सतरा. व्यायामबाईला मी विचारलं की जागतिक विक्रम किती आहे. तिने मला पाय बदलायला सांगितलं.

एका बाबतीत मन खट्टू आहे. नव्या शिक्षिकेची पोरं चौथ्या धड्यात तरंगायला लागली. माझी सहाव्यात तरंगायची. शिट्टी अजून लांबच वाजवते, पण पोरं तिच्याकडे धावत जातात. मी आतल्या दारातून पाहिलं. तुला लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

तू चालतेस ना? किती वाजता, किती वेळ, ते लिही. नाडी पण लिही.

ताई


१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पडलीस त्याला आज बरोबर वर्ष झालं म्हणून लिहायला बसले. चालते, रोज पस्तीस मिनिटं, संध्याकाळी काम सुटल्यावर. नाडी पंच्याऐंशीवरून शहात्तरवर आली. शिंपीणबाई बरोबर असते, ती एवढं बोलते की माझ्या पायांनाच काय तो व्यायाम होतो, तोंडाला होत नाही.

पुढच्या महिन्यात निकाल. तो काही आला तरी तू मला त्याच दिवशी कळव, महिना लावू नकोस. आणि आकडा हलला नाही तर तिकिटाच्या खिडकीत जाऊन बसण्याआधी मॅनेजरसाहेबांना डॉक्टरांचा कागद पूर्ण वाचायला लाव. पुस्तकं बांधणारी बाई सांगते, लोक पहिलं पानच वाचतात.

तुझ्यावर जीव आहे हे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहिते, एरवी तुला ते माहीत आहे.

पोतं


८ मार्च

चि. पोत्यास,
अ. उ. आ.

फोनवर फक्त आकडा सांगितला होता, आता सगळं.

खुबा उणे २.३, कणा उणे २.४. गेल्या वर्षी होते तेच. तू ऑगस्टमध्येच बजावलं होतंस, तरी मी डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशी बसून तो कागद उलटा करून बघितला. त्या म्हणाल्या की घसरलं नाही, हे चांगलं आहे. गोळी आता घ्यायचीच असं ठरलं, आठवड्यातून एक, उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, वर अर्धा तास निजायचं नाही. मी मुकाट्याने हो म्हटलं. पुढच्या वेळी आकडा चढला तर श्रेय गोळीला की टाचांना, असं विचारलं. त्या म्हणाल्या की दोघींनी आपसात वाटून घ्यावं, सोडायचं मात्र कुणालाच नाही.

मग त्यांनी मॅनेजरसाहेबांसाठी कागद लिहिला. साहेबांनी पहिली ओळ वाचली, हाडांची घनता पूर्वीइतकीच, आणि कागद टेबलावर ठेवून वाईट वाटलं म्हणाले. मी म्हटलं, पुढचं वाचा. पुढे होतं की पायांची ताकद आणि तोल यांत चांगली सुधारणा आहे आणि रबरी तळव्याची पादत्राणं घालून काठावर काम करायला हरकत नाही. ते म्हणाले की तोल वगैरे कागदावर ठीक असतं. मग मी त्यांच्या केबिनमध्ये एका पायावर उभी राहिले आणि त्यांनाही राहायला सांगितलं. ते हसत हसत उभे राहिले आणि अकराव्या सेकंदाला त्यांनी फायलींचं कपाट धरलं. मी एकेचाळीसपर्यंत बोलत होते. काय बोलले ते आठवत नाही, बहुतेक शिट्टीबद्दल.

तरी सहाची पोरं मला मिळाली नाहीत. आईबापांना नवी शिक्षिका आवडते, वर्ग भरला आहे, ती कायम झाली. साहेबांनी ते सरळ सांगितलं आणि मीही सरळ ऐकलं. तिला शिट्टीचं सांगून आले. तिने वहीत लिहून घेतलं. घरी येऊन अर्धा तास काही केलं नाही, मग रीम उचलली.

मला अकराचा वर्ग मिळाला आहे, पन्नाशीपुढच्या बायकांचा. तो कुणालाच नको होता. काल पहिला दिवस. चौदा जणी आल्या. त्यातल्या नऊ जणींना कुणी ना कुणी सांगितलं होतं की हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून पोहा. मी त्यांना पाण्याकडे नेलंच नाही. कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या कोरड्या व्हरांड्यात भिंतीशी उभं केलं आणि टाचा आपटायला लावल्या. ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांची नावं लिहून घेतली, ज्यांचा आकडा माझ्यासारखा आहे त्यांना आधी डॉक्टरांना विचारून या म्हटलं आणि तोवर ओट्याच्या कोपऱ्यातला तुझा धडा दिला. निवृत्त झालेल्या एक नर्सबाई आहेत, आवाज मोठा. त्या म्हणाल्या की पैसे पाण्याचे भरले आहेत, भिंतीचे नाही. मी त्यांना सांगितलं की पाणी बारापर्यंत आहे, तोवर ते कुणी उपसून नेत नाही. नंतर सगळ्या पाण्यात उतरल्या आणि मी काठाने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत शिकवलं. कठड्याला हात लावला नव्हता, हे मला घरी येऊन जेवताना कळलं. भावोजींना सांगितलं, त्यांनी ताट बाजूला ठेवून पुन्हा सांगायला लावलं.

आज अकरा जणी आल्या. तिघी गळाल्या, त्यांना बहुतेक नुसतं पोहायचंच होतं. मी पोचले तेव्हा नर्सबाई भिंतीशी एकट्या उभ्या होत्या. त्यांनी माझी वाट न बघता पन्नासपैकी तीस उरकल्या होत्या आणि टाचा अर्ध्यावरून हळूच ठेवत होत्या. मी त्यांना पुन्हा एकपासून मोजायला लावलं.

बाकी सगळं ठीक. तू आहेस तशी राहा, जराशी बारीक झालीस तरी चालेल.

तुझी ताई